नवशीचं राहिलेलं लगीन

नवशीचं लगीन झालेलं नव्हतं. म्हणजे पोरगा बावीस वर्षांचा घोडा झाला होता, सून घरात येऊन पाच महिने झाले होते, त्या सुनेला चौथा महिना लागला होता, आणि सासूचं लगीन अजून बाकी. तलासरीच्या हायवेवरून आत पाच-सहा किलोमीटरवर त्यांचा पाडा, तिथे याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तिकडे असंच असतं. पोरगी आवडली की ती घरात येते, चूल पेटते, पोरं होतात, आणि लगीन जमेल तेव्हा, गावाला भात घालायची ऐपत आली की. कुणाचं चार वर्षांनी, कुणाचं वीस. फक्त एक नियम पक्का, त्यात कुणी इकडचं तिकडे करत नाही. आईबापाचं लागल्याशिवाय पोराचं लागत नाही. हवं तर एकाच मांडवात लावा, आदल्या दिवशी त्यांचं, दुसऱ्या दिवशी पोराचं, पण आधी त्यांचं.

डहाणू रोडला बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या बायकांना हे कळलं की त्या तोंडावर हात ठेवतात. अय्या, लग्नाशिवाय? त्यांच्या पोरींची लग्नं एसी हॉलमध्ये होतात, घोड्यावरून, ड्रोन उडवून, आणि वर्षभरात पोरगी सामान घेऊन परत. ते चालतं. नवशी आणि लाहू चोवीस वर्षं एका छपराखाली राहिले, एकमेकांच्या उवा काढल्या, एक लेक पुरली, ते मात्र अय्या.

तर ही नवशी. पंचेचाळीसची असेल, जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, आधार कार्डावर एक जानेवारी टाकलीय. सुकी, काळी, दोन पुढचे दात पडलेले. रोज सकाळी इको गाडीत अकरा बायकांबरोबर कोंबून घोलवडकडे चिकूच्या वाडीत जायची. पुरुष झाडावर चढून लांब काठीच्या जाळीने चिकू काढणार, बायका खाली बसून ते धुणार, पुसणार, मोठे-बारके वेगळे करणार. नवशीला हे काम आवडायचं कारण चिकू बोलत नाहीत.

कारण नवशीला माणसं आवडत नसत. विश्वासी, म्हणजे येशूला मानणाऱ्या बाईबद्दल असं सांगू नये, पण आहे ते आहे. तिला सगळ्यांचा तिटकारा होता. इकोचा ड्रायव्हर, वाडीचा शेठ, पाड्यातले दुपारीच ताडी पिऊन गावच्या भल्याच्या गोष्टी करणारे पुरुष, त्यांची खरकटी काढून त्यांचाच मान सांभाळणाऱ्या बायका, सगळे तिला एकाच दगडातून काढलेले वाटायचे. ती रोज प्रार्थनेत हे देवाला सांगायची सुद्धा. ह्यांना तू माफ कर, म्हणायची, माझ्याने नाय होत. आणि मग डोळे उघडून कामाला लागायची. लपवाछपवी नाही, रडारड नाही.

विश्वासात कशी आली ती गोष्ट छोटी आहे आणि त्यात चमत्कार नाही. अकरा वर्षांपूर्वी ती दोघं वीटभट्टीवर होती. निलम तिची धाकटी, सात वर्षांची, तापाने फणफणली. लाहूने भगत आणला, कोंबडं दिलं. भट्टीवाल्याने क्रोसिन दिली आणि म्हणाला उद्या गाडी बघू. उद्या म्हणाला परवा बघू. शेजारच्या झोपडीत सोमी म्हणून एक बाई होती, ती प्रभूची. ती आली, निलमच्या उशाशी बसली, हात धरून प्रार्थना केली. निलम वाचली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

आता इथे पाड्यातल्या लोकांचं डोकं चालेना. पोर बरी झाली असती आणि नवशी ख्रिस्ती झाली असती तर त्यांना समजलं असतं, सौदा सरळ आहे. पण पोर मेली आणि त्यानंतर ही बाई त्याच देवाच्या मागे लागली? लोक तोंडावर म्हणायचे, तुझ्या देवाने काय केलं गे? नवशी उत्तर द्यायची नाही. ज्यांनी स्वतः निलमच्या मातीला यायला दोन दिवस लावले त्यांना काय उत्तर द्यायचं.

संगती, म्हणजे विश्वासी लोकांची रविवारची सभा, भरायची तलासरीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे म्हणे सगळे भाऊबहीण. पास्टर नविन डहाणू रोडहून बुलेटवर यायचे. गोरे, गॉगल, कानात ते ब्लूटूथचं बोंड, प्रवचनात सुद्धा काढत नसत. पहिल्याच वर्षी नवशीने बाप्तिस्मा मागितला तेव्हा त्यांनी विचारलं, सिस्टर, लग्न कधी झालं? नवशी खोटं बोलली असती तर काम तिथेच झालं असतं. पण ती म्हणाली, नाय झालं अजून.

मग संपलं. बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही. आधी लग्न. बरं लग्न लावा म्हटलं तर म्हणे विश्वासी बाईचं अविश्वासी माणसाशी आम्हाला लावता येत नाही. लाहूला आणा. लाहू येत नव्हता. लाहूचा देवाशी वाद नव्हता, त्याचा वाद सकाळी दहा वाजता आंघोळ करून सतरंजीवर तीन तास बसण्याशी होता. मग म्हणे त्याला सोडा. पाप आहे ते, सिस्टर. असं बोलून पास्टर नविन बुलेटवर टांग टाकून निघून गेले, जणू रिचार्ज संपला तर मारा दुसरा.

त्यामुळे अकरा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे बारके प्याले ओळीने फिरायचे आणि नवशीच्या डोक्यावरून पुढे जायचे. तिच्या आजूबाजूला कोण बसायचं? एक जण शेजाऱ्याचा बांध कोरणारा. एक जण तीन वर्षं म्हाताऱ्या आईला न भेटलेला. ते डोळे मिटून घ्यायचे, हललुया म्हणायचे. नवशी नुसती बसायची. कुणी म्हणालं असतं, जाऊ दे ना बाय, कशाला येतेस एवढा अपमान करून घ्यायला, तर तिने सांगितलं असतं की मी ह्या लोकांकडे येतच नाही. पण कुणी विचारलं नाही. नाव तेवढं ठेवलं होतं. ठेवलेली. पाड्यात तिला पास्टरवाली म्हणत आणि शेडमध्ये ठेवलेली. दोन्हीकडे पाठीमागून, अर्थात. तोंडावर बोलायला दम लागतो.

हे असंच चालत राहिलं असतं. पण सुनिल संगिताला घेऊन आला.

सुनिल बॉर्डरपलीकडे गुजरातच्या कंपनीत बारा तासांची ड्युटी करायचा. शांत पोरगा. आईबरोबर शेडमध्ये लहानपणी जायचा, मग सुटलं. संगिता शेजारच्या पाड्यातली, हसरी, नवशीला ती आवडली आणि नवशीला कुणी आवडणं ही बातमीच होती. गडबड संगितात नव्हती. गडबड तिच्या बापात होती. पांड्या. उपसरपंच. नाक्यावर जेवढे वाढदिवसाचे बॅनर लागतात त्या सगळ्यांत खालच्या ओळीत उजवीकडून तिसरा हात जोडलेला चेहरा असतो, तो हा. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, सही मात्र अजून जीभ बाहेर काढून करतो.

पांड्याचा पोरीने आधी जाऊन राहण्याला विरोध नव्हता, त्याच्या बायकोनेही तसंच केलं होतं. पण आता तो पुढारी. त्याला पोरीचं लगीन हवं होतं, मांडव, डीजे, आमदाराचा माणूस स्टेजवर. वैशाख संपायच्या आत. आणि त्यासाठी नवशी-लाहूचं आधी लागायला हवं. पद्धतीने. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक, चौकात देवी, समोर दोघं बसणार, धवलेरी गाणार. धवलेरी म्हणजे लगीन लावणारी बाई. इकडे लगीन भटजी लावत नाही, धवलेरी गाऊन लावते.

पांड्या आला, खाटेवर बसला, चहा प्याला आणि बजावलं. तुझी पास्टरगिरी तुझ्या घरात. माझ्या पोरीचं लगीन लागलं पायजे, नाय तर वैशाख संपला की मी तिला घेऊन जाईन, पोटातल्यासकट. मग बसा प्रार्थना करत.

नवशीने कप उचलला आणि तो खाटेवर बसलेला असतानाच अंगणात नेऊन राखेने दोनदा घासला.

मग घरात बोलणं सुरू झालं. लाहू आधी मजेत म्हणाला, मग चिडून. एक संध्याकाळ तर बसायचंय. डोळे मीट, मनात तुझ्या देवाचं नाव घे, कोण बघायला येतंय? तुझा देव एवढा हलका आहे का की एका संध्याकाळीत रागावेल? लाहूचं बोलणं नेहमी असंच, निम्मं मूर्खपणाचं आणि निम्मं खरं, आणि नेमकं त्याच्यातलं खरं कुठलं ते शोधताना नवशीचं डोकं दुखायचं. सुनिलने तर बोलणंच टाकलं. डबा घ्यायचा, जायचा, यायचा, मोबाईल. संगिता चुलीपुढे बसून रडायची आणि नवशीला बघितलं की डोळे पुसायची, ते सगळ्यात वाईट.

चिकू धुताना नवशी देवाला विचारायची. काय करू सांग. रोज. काही उत्तर आलं नाही. पास्टर नविनला दर आठवड्याला स्वप्नं पडायची, देव त्यांना बुलेटच्या मॉडेलपासून सगळं सांगायचा. नवशीला कधीच काही सांगत नव्हता. चिकूचा चीक बोटांना चिकटायचा, दुपार व्हायची, इको यायची.

सोमीनेच सुचवलं, कोर्ट मॅरेज करून टाक. सही करायची, संपलं, चौक नको आणि चर्च नको. लाहू म्हणाला, कागदावरच करायचं ना, कर, मी अंगठा देतो. नवशीला पहिल्यांदा जरा उजेड दिसला. एक दिवसाचं काम बुडवून ती आणि सोमी तालुक्याच्या गावी गेल्या, विचारत विचारत योग्य टेबलापर्यंत पोचल्या. टेबलामागचा साहेब पस्तिशीचा, शेंगदाणे खात होता.

त्याने कागद बघितले. रेशन कार्ड उघडलं. मग नवशीकडे बघितलं, मग परत रेशन कार्डाकडे.

"लग्न झालंय की तुमचं," तो म्हणाला. "पत्नी लिहिलंय इथे."

नवशीने सांगितलं, नाय झालं.

"मग पत्नी कसं लिहिलं? आधारवर पण वाइफ ऑफ. मतदार यादीत पण. बावीस वर्षांचा मुलगा लावलाय खाली." त्याने एक शेंगदाणा तोंडात टाकला. "म्हणजे सरकारला खोटं सांगून रेशन घेता?"

शेजारच्या टेबलावरची बाई हसली. साहेबाला हसणारं माणूस मिळालं म्हणून त्याने आवाज वाढवला. आजी, ह्या वयात नवरी व्हायची हौस आली का. झालेलं असेल तर नोंद करा, त्याला लग्नाचा फोटो आणि लग्न लावणाऱ्याची सही आणा. झालं नसेल तर दोघांचे अविवाहित असल्याचे दाखले आणा ग्रामपंचायतीतून. ग्रामपंचायतीत कोण, तर पांड्या. बाहेर येऊन सोमी शिव्या द्यायला लागली, विश्वासी असून चांगल्या ताज्या शिव्या. नवशी मात्र हसत सुटली. रस्त्याच्या कडेला बसून हसली. सरकार म्हणतं बायको आहेस. पाडा म्हणतो नाहीस. पास्टर म्हणतो पाप आहेस. सगळ्यांकडे शिक्का आहे, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, आणि एकालाही भाताला तांदूळ आहेत का ते माहीत नाही.

पण हसून काय होतंय. वैशाख उतरायला लागला. पांड्याने डीजेला सांगितलं, मांडवाला सांगितलं. आणि एके दिवशी संगिता अंगणात चक्कर येऊन पडली, नवशीने तिला मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, आणि पोरगी शुद्धीवर येता येता म्हणाली, आय, मला नेऊ देऊ नका.

त्या दिवशी नवशी लाहूला म्हणाली, बसते मी.

हे लपवण्यात अर्थ नाही. ती बसायला तयार झाली. शेडमध्ये उभं राहून साक्ष देणारे लोक स्वतःची गोष्ट सांगतात तेव्हा हा भाग गाळतात, त्यांच्या गोष्टीत ते कायम छाती काढून उभे असतात. नवशी उभी नव्हती. ती थकली होती. अकरा वर्षं दोन्ही बाजूंनी ढोसत होते आणि मांडीवर एक पोटुशी पोर रडत होती.

ठरल्या दिवशी बायका आल्या. भिंत शेणामातीने सारवली, पांढरं पीठ कालवून चौक काढायला घेतला. नवशीला नवीन लुगडं नेसवलं. जी बायको म्हणून चोवीस वर्षं पाणी भरत होती तिला बायका नवरी नवरी म्हणून चिमटे काढत होत्या. लाहूला आंघोळ घालून बसवला होता, तो आधीच अर्धा तांब्या उतरवून आला होता आणि लाजत होता, खरोखर लाजत होता. पांड्या खुर्ची टाकून मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता की हो हो, झालं समजा, विरघळली.

मग रखमी आली. रखमी धवलेरी. लाहूची फुई, म्हणजे आत्या. सत्तरीची, पाठीत वाकलेली, डोळा एक गेलेला. पाड्यातली एकच बाई जिच्याबद्दल नवशीच्या मनात कधी वाकडं आलं नव्हतं, कारण रखमी पैसे मागत नसे आणि उगाच बोलत नसे. तीन पाड्यांतली लग्नं तिने लावली होती. आणि तिची एक सवय होती, दुसऱ्या धवलेऱ्या करत नाहीत, तिची तिनेच लावून घेतलेली. गाणं सुरू करण्याआधी ती नवरीच्या समोर जमिनीवर बसायची, हनुवटी धरायची, आणि विचारायची. पोरी हो म्हणायच्या, लाजून मान हलवायच्या, मग ती गायला घ्यायची.

ती नवशीच्या समोर बसली. हनुवटी धरली.

"मनानं बसतेस ना गे?"

सगळे हसले. एवढ्या म्हातारीला काय विचारतेस फुई, कुणीतरी म्हणालं. रखमी हसली नाही. तिने बोटं काढली नाहीत.

नवशीने तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. एक अक्षर. आत तयार होतं ते, जिभेवर होतं. आकाशातून काही झालं नाही, आवाज नाही, उजेड नाही. तिला फक्त निलमचा हात आठवला, गरम, आणि भट्टीवरची ती झोपडी, आणि त्या झोपडीत सोमीची प्रार्थना संपल्यावर, सगळे उठून गेल्यावर, जे कुणी तिच्याजवळ बसून राहिलं होतं ते. ते दिसलं नव्हतं. पण उठून गेलं नव्हतं, हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं स्वतःचं नाव ठाऊक नव्हतं.

"नाय," ती म्हणाली.

कुणाला ऐकू आलं नाही बहुतेक. रखमीला आलं. तिने विचारलं, मग कशाला बसलीस?

"पोरासाठी बसले फुई. पण मन नाय इथं. निलम गेली तेव्हा जो माझ्यापाशी थांबला, त्याच्याकडे पाठ करून नाय बसवत मला. तुला खोटं नाय सांगता येत."

रखमीने हनुवटी सोडली, गुडघ्यांवर हात टेकवून उठली आणि बायकांना म्हणाली, पीठ ठेवा खाली.

पांड्या खुर्चीवरून उठला. काय झालं, काय झालं. कळल्यावर ओरडायला लागला, ही बाई गावाचा अपमान करते, देवीचा अपमान करते, मी पंचायत बसवतो, मी पोरीला आत्ता नेतो. लाहूला म्हणाला, सोड हिला, तुझ्यासाठी दुसरी आणतो, आत्ताच्या आत्ता तिला बसवू. लाहूची लाज आता गेली होती. तो नवशीकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते कुणालाच कळत नव्हतं, त्यालाही नसेल.

रखमीने पांड्याला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाली, "तुझं लगीन मी लावलं पांड्या. तू चौकापुढे ओकला होतास. तुझ्या आयने पुसलं. अपमान तो होता." बायकांत खसखस पिकली. "ही खरं बोलली. मन नसलेलीचं लगीन देवीपुढे मी लावणार नाय. देवी काय पंचायतीची सही आहे का, कुणाकडूनही मारून घ्यायला?"

धवलेरीशिवाय तीन पाड्यांत कुणाचंच लगीन लागणार नव्हतं, त्याच्या धाकट्या दोन पोरींचं सुद्धा. पुढाऱ्यांना हिशेब पटकन कळतो. मग रखमीनेच वाट काढली. लाहूचा भाऊ लडक्या आणि त्याची बायको यांचं लगीन रीतीने झालेलं होतं. मांडवात सुनिलचे आईबाप म्हणून ते उभे राहतील. संगिता कुठे जाणार नाही.

आणि नवशी? रखमीने तिच्याकडे वळून सांगितलं, आवाज मऊ न करता. तू मांडवात यायचं नाय. हळद लावायची नाय. गाण्यात पोराची आय म्हणून लडक्याच्या बायकोचं नाव येईल. चालेल?

नवशीने लुगड्याचा पदर घट्ट धरला होता. चालेल, ती म्हणाली. आणि आत जाऊन लुगडं बदललं.

चार दिवसांनी सुनिलचं लगीन लागलं. डीजे आला, आमदाराचा माणूस आला नाही, त्याचा सत्कारासाठी आणलेला फेटा पांड्यानेच घातला. नवशी मांडवाबाहेर, चिंचेखाली मोठ्या तपेल्यांपाशी होती. तिथे कुणाची मनाई नव्हती. मनाई फक्त मानाला असते, चारशे माणसांचा भात शिजवायला कुणालाही चालतं.

सकाळी पास्टर नविनचा फोन आला होता. त्यांना कुठून तरी कळलं होतं. एकदम खूष. प्रेज द लॉर्ड सिस्टर, किती मोठा विजय, रविवारी साक्ष द्या, आपण व्हिडिओ करू, ग्रुपवर टाकू. नवशीने ऐकून घेतलं. विचारलं, मग पहिल्या रविवारचं ताट? तिकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. त्याचे नियम आहेत, सिस्टर, लाहूभाऊंचं काय ते आधी ठरवावं लागेल. नवशीने फोन ठेवला. तिला राग सुद्धा आला नाही. रविवारी ती जाणार होती, नेहमीसारखी, मागे बसणार होती, साक्ष देणार नव्हती. बुलेटवाल्याचं घर नव्हतं ते की त्याने बोलावलं तर जायचं आणि नाही वाढलं तर उठायचं.

आतून रखमीचा आवाज येत होता. म्हातारा, फाटका, पण डीजे बंद केल्यावर सगळीकडे पोचणारा. ती पोराच्या आयचं गात होती. कुणी हळद वाटली, कुणी पोराला नऊ महिने वागवलं, कुणी रात्री जागवल्या. आणि दर कडव्याला लडक्याच्या बायकोचं नाव. त्या बाईने सुनिलला एकदा सायकलवरून पडला म्हणून थोबाडीत मारली होती, एवढंच तिचं आणि सुनिलचं. नवशी झाऱ्याने भात हलवत राहिली. एका बाईने मुद्दाम जवळ येऊन विचारलं, ऐकलंस का गे, काय सुंदर गाते. नवशी म्हणाली, हो, तू पण ऐक, तुझ्या पोराच्या वेळी तुझं नाव येतं का बघ. बाई गेली. ह्या एका वाक्याबद्दल संध्याकाळी माफी मागावी लागणार होती, नवशीने ते मनात टिपून ठेवलं. मग तोंड वळवून, धुराच्या बाजूला, रडली. धूर होता, कुणाला काही सांगायची गरज पडली नाही.

देवाने ह्याही वेळी काही सांगितलं नाही. पण ती एकटी नव्हती. हे ती कुणाला पटवून देऊ शकली नसती आणि तिला पटवून द्यायचंही नव्हतं.

लगीन लागलं. पंगती उठल्या. लाहू चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता. ज्याचं लगीन नाही तो मांडवात बाप नसतो, त्यामुळे तोही बाहेरच होता, कुठे कुठे फिरत होता, गाड्यांकडे, ताडाकडे, कुंपणाकडे. लोकांनी त्याला धरून धरून विचारलं होतं, काय लाहू, नवरदेव, कधी? आणि तो नुसता हसून पुढे जायचा, आणि नवशी लांबून बघायची की हे आज रात्री घरी काय रंग घेणार.

ऊन कलल्यावर तो चिंचेखाली आला. प्यायलेला नव्हता. खाली बसला, तिच्या बाजूला, मांडवाकडे पाठ करून.

"ताट दे," तो म्हणाला.

तिने एकाच ताटात भात काढला, डाळ ओतली, तपेल्याच्या तळाचे मटणाचे चार तुकडे त्याच्या बाजूला लोटले. दोघांच्या मध्ये ठेवलं. आणि मान खाली घालून डोळे मिटले, आभार मानायला, जसं ती रोज मानते आणि तो तोवर दोन घास खाऊन मोकळा झालेला असतो.

खाण्याचा आवाज आला नाही. तिने एक डोळा उघडून बघितलं. लाहूचा हात भातावर होता, बोटं उघडी, पण घास घेतलेला नव्हता. तो थांबला होता. समोरून लोक जात होते, बघत होते, पांड्या फेट्यातून बघत होता.

"तुझं होऊ दे," लाहू म्हणाला. "पण आटप गे, भात गार होतो."

तिने परत डोळे मिटले.